मोठ्या बटणांचा रिमोट

सासूबाईंची बोटं थरथरायला लागल्यापासून रिमोटची बारीक बटणं त्यांना दाबता येईनात. टीव्ही लावायचा तर सासऱ्यांना विनवावं लागे, आणि सासरे उपकार केल्यासारखे उठत. सुनेला हे बघवेना. ती कारखान्यात चिपमध्ये प्रोग्राम भरायचं काम करायची. तिने वाटीएवढ्या बटणांचा रिमोट घरीच बनवला.

बटण दाबलं, तर टीव्ही ढिम्म. टीव्हीच बिघडलाय, असं निदान सासऱ्यांनी जागच्या जागी केलं आणि सून कामावर गेल्यावर तो दुरुस्तीवाल्याकडे धाडून दिला.

खरी चूक सुनेला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. रिमोटचा न दिसणारा प्रकाश सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकला, तरच टीव्ही त्यातला निरोप ऐकतो. नाहीतर त्याला तो घरातल्या दिव्यासारखाच वाटतो. निरोप त्या लुकलुकीवर चढवणारा भाग चिपमध्ये आयता होता, पण तो चालू करायलाच ती विसरली होती. आता तिने तो चालू केला. बॅटरी किती टिकते ते बघायला बंद-चालूचा निरोप दर मिनिटाला आपोआप जाईल आणि तेव्हा रिमोटवरचा लाल दिवा लागेल असं केलं, रिमोट खिडकीत ठेवला आणि ती कामावर गेली.

गल्ली अरुंद होती, आणि समोरच्या काकांचा टीव्हीही त्याच कंपनीचा. तो एक मिनिट चालायचा आणि एक मिनिट बंद पडायचा. दुरुस्तीवाला आला, त्याने टीव्ही खोलला आणि काकांची चिडचिड नको म्हणून दुकानातला एक धडधाकट टीव्ही तात्पुरता आणून दिला. तो अर्थातच सासऱ्यांनी धाडलेला. तोही तसाच वागू लागल्यावर दुरुस्तीवाल्याने काकांची भिंत उकरून वायरिंग तपासायला घेतलं.

संध्याकाळी सून परतली, तेव्हा सासूबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"तुझा रिमोट चालतोय गं," त्या म्हणाल्या. "याचा दिवा लागला, की समोरचा टीव्ही जातो, परत लागला की येतो. दुपारपासून बघतेय."

"मग कुणाला सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं असतं तर यांनी बंद केला असता. म्हटलं, पुरता चालतो का बघू दे."

सून ओशाळून समोर गेली. तिने सगळं कबूल केलं, काकांची बोलणी खाल्ली, भिंत बुजवून द्यायचं मान्य केलं आणि आपला टीव्ही घरी आणला.

सासरे लगेच बातम्या लावून बसले. सासूबाईंनी तळहाताने बटण दाबलं. टीव्ही बंद झाला.

"अगं, बातम्या चालू होत्या."

"माहितीये," म्हणत सासूबाई रिमोट मांडीवर घेऊन निवांत टेकल्या.

सासऱ्यांनी जुन्या रिमोटने टीव्ही पुन्हा लावला, सासूबाईंनी तो पुन्हा बंद केला. मग सासरे हळूच म्हणाले, "लावतेस का जरा?"