माझ्या प्रगती अहवालाला झालेली गर्दी

एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. महाराष्ट्र झाल्यापासून चार वर्षांत आमच्या गावानं जेवढी प्रगती केली, तेवढी अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या गावानं करून दाखवावी, मी सरपंचकी सोडून देतो! शाळेला तिसरी खोली, विहिरीला कठडा, टपालाची लाल पेटी, आणि मोताळ्याच्या सडकेला जोडणारा पक्का रस्ता. सगळं माझ्या कारकिर्दीत झालं. मी भगवानराव, बिनविरोध सरपंच. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण ते असो.

या प्रगतीचा मी अठरा पानी अहवाल लिहिला होता. अडचण एकच, ऐकायला कोणी नव्हतं. पहिल्या ग्रामसभेला बारा माणसं आली, दुसरीला पाच. तिसरीला आमचा शिपाई निवृत्ती तेवढा होता, आणि तोही पगारी म्हणून. पुढं पुढं मी रस्त्यानं येताना दिसलो की माणसं बैल सोडायचं निमित्त काढून गोठ्यात शिरायची. ज्यांच्याकडं बैल नाहीत तेसुद्धा!

बायको रुखमा होती तोवर माझा अहवाल घरच्या घरी खपत होता. ती चुलीपुढं भाकरी थापायची, मी पाटावर बसून विहिरीचा कठडा सांगायचो, आणि ती मधूनमधून 'हाव' म्हणायची. ऐकत होती की नाही, देव जाणे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. माणसानं दिवसभर गावाचा विकास करावा आणि संध्याकाळी घरी येऊन कोणाला सांगावं? मला फार एकटं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि धाकटा भाऊ उत्तम चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. तो नांदुऱ्याला जिनिंगमध्ये मुनीम आहे. आमच्या बापानं बांधावर लावलेला कडुलिंब मी रस्त्याच्या कामात तोडला, तेही त्याला न विचारता. लिंब निम्मा त्याचा होता. मला वाटलं, गावाचं काम आहे, विचारायचं काय त्यात? त्या दिवसापासून त्यानं गावाचं तोंड पाहिलं नाही. रस्ता एवढा सुरेख झालाय, एकदा त्यानं येऊन पाहावा, एवढंच माझ्या मनात होतं. खरं सांगायचं तर रस्ता नाही पाहिला तरी चाललं असतं. त्यानं नुसतं यावं.

म्हणून मी बेत केला. गावातले ऐकत नाहीत तर बाहेरच्यांना बोलवायचं! चाळीस पोस्टकार्डं आणली. सोयऱ्याधायऱ्यांना, आजूबाजूच्या सरपंचांना, आणि एक उत्तमला. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावी प्रगती अहवालाचे वाचन होईल, तरी अगत्य येण्याचे करावे.' खाली नाव, हुद्दा, शिक्का.

आता माझी एक शिस्त आहे. कचेरीतला कागद म्हटला की तो तारेच्या आकड्यात ओवलेला पाहिजे. टेबलावर कागद उडताना दिसले की माझं डोकं फिरतं. त्याप्रमाणं ती चाळीस कार्डं मी एका कोपऱ्याशी टोचून रांगेनं तारेत ओवली. दुसऱ्या दिवशी टपालवाला पेटी उघडून निघाला होता. घाई झाली. मी तारेवरनं सगळा गठ्ठा एका हिसक्यात ओढला आणि त्याच्या पिशवीत टाकला.

चाळीसही कार्डांचे कोपरे तारेवरच राहिले.

आमच्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कोणीतरी वारलं! असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेरच कोण गेलं आणि कधी बोलावलंय, एवढं बघतात, फाडून टाकतात आणि आंघोळीला जातात. निवृत्तीनं तारेवरचे कोपरे पाहिले तेव्हा टपाल मोताळ्याला पोचलं होतं. तो मला सांगायलाही आला होता म्हणे. पण मी त्याला समोर बसवून शाळेची तिसरी खोली ऐकवायला घेतली, आणि तो आल्या पावली पळाला. दोष कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

रविवारी मी कचेरीत आतल्या बाजूला नवं धोतर नेसून पाठांतर करत होतो. नऊ वाजल्यापासून बैलगाड्या यायला लागल्या. खिडकीतून पाहिलं तर दहा, पंधरा, वीस गाड्या! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात बाहेरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. म्हटलं, नेमकं आजच गावात कोणी मेलं वाटतं, आता माझ्या कार्यक्रमाचा विचका होणार. बाहेर आलो. ओट्याच्या कडेला एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती. वाकून तिला हळूच विचारलं, कोण गेलं हो?

"भगवानराव गेले ना, बापू," ती मान वर न करता म्हणाली. "सरपंच. बिचारे एकटेच व्हते."

मी सवयीनं टोपी काढली. टोपी हातात आल्यावर लक्षात आलं, भगवानराव मीच.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं ओरडून सांगायला पाहिजे होतं. पण मी टोपी हातात धरून ऐकत राहिलो. म्हातारीच्या पलीकडं दोन सरपंच माझ्याबद्दल बोलत होते, आणि माझ्याबद्दल कोणी काही बोलल्याला फार दिवस झाले होते. एक म्हणाला, माणूस सरळ होता, कधी कोणाच्या काडीला हात लावला नाही. दुसरा म्हणाला, हो, सोन्यासारखा माणूस, फक्त बोलायचा लई. पहिल्यानं मान डोलावली, सोन्यावर हळू आणि बोलण्यावर जोरानं. तेवढ्यात म्हातारीनं वर पाहिलं.

पुढची पाच मिनिटं मी सांगत नाही. एक गाडी बैलांसकट उलट्या दिशेनं गेली. सोयऱ्यांनी आमच्या घरासाठी कडू घास म्हणून भाकरी-पिठल्याची गाठोडी आणली होती. त्यातलं एक माझ्याच अंगावर फेकलं गेलं. निवृत्तीनं ती कोपऱ्यांनी भरलेली तार आणून सगळ्यांसमोर उलगडा केला, की कार्डावर नाव तेवढं माझंच असल्यानं मेलेला मीच ठरलो होतो, तेव्हा भीती गेली आणि राग आला. सात कोसांवरून रडत आलेल्या माणसाला तुम्ही जिवंत दिसलात की तो चिडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण साठ-सत्तर माणसं समोर उभी होती! एवढी माणसं मला जन्मात मिळाली नव्हती आणि पुढं मिळणार होती ती मला दिसणार नव्हती. मी ओट्यावर चढलो आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला लोक बैल जुंपायला लागले. दुसऱ्याला धूळ उडाली. चौथ्या पानावर मी मान वर केली तर पटांगणात एकच माणूस उरला होता, डोक्यावर पंचा घेऊन खाली बसलेला.

तो उत्तम होता. पंचा सरकला तेव्हा दिसलं, डोकं तुळतुळीत, मिशी साफ. सुभद्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दारातच कार्ड फाडून टाकलं होतं. यानं घरी येऊन ऐकलं आणि त्याच दिवशी न्हाव्यापुढं जाऊन बसला. पाच दिवस माझं सुतक पाळत होता, बिनमिठाचं जेवून.

वाचायचं थांबलो असतो तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं. म्हणून वाचत राहिलो. शाळा झाली, कठडा झाला, रस्ता आला. रस्त्याची लांबी वाचली, रुंदी वाचली, मुरूम वाचला, आणि पान उलटलं.

"लिंबाचं काऊन नाई वाचलं?" उत्तम म्हणाला. चार वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"लिहेल नाई," मी म्हटलं.

"लिही मंग."

मी खाली बसलो, खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या देखत लिहिलं. रस्त्याच्या कामी आमच्या वडिलांनी लावलेला लिंब तोडण्यात आला. भावाला विचारलं नाही. चूक झाली. मग ते मोठ्यानं वाचलं. अठरा पानांत तेवढंच मी दोनदा वाचलं.

उत्तम म्हणाला, "आता बरोबर हाय." मग पंच्यानं तोंड पुसून म्हणाला, "दादा, भूक लागली."

मिठाचं पिठलं आम्ही दोघांनी एका गाठोड्यातून खाल्लं. मी राहा म्हटलं. तो म्हणाला, भाऊ जिवंत असताना असा बोडका गावात फिरलो तर लोक काय म्हणतील? केस वाढले की दिवाळीला येतो. दुपारच्या मोटारीनं गेला. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेलो आणि येताना एकटाच आलो. रस्ता खरंच पक्का झालाय, पण चालायला फार लांब वाटला.

अहवाल वर पाठवला. वरून शेरा आला, 'लिंब व भाऊ ही बाब कोणत्या योजनेखाली, ते कळवावे.' अजून कळवलं नाही.

दिवाळी होऊन दोन महिने झाले. रोज दुपारच्या मोटारीच्या वेळेला मी फाट्यावर जाऊन बसतो, रस्त्याची पाहणी म्हणून. उत्तम काही आला नाही अजून. पण त्याचे केस लहानपणापासूनच फार सावकाश वाढतात.