उशिरा येणारा आठ नंबर

कवळ्या बनवणाऱ्या कारागिराला त्याच्या लेकीच्या एकाच गोलाने जेरीस आणलं होतं. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायची. दर रविवारी चार वाजता दोघं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर फुटबॉलचा क्लब चालवण्याचा खेळ खेळत. एक क्लब त्याचा, एक तिचा. कोण कुठे उभा राहणार ते ठरवायचं आणि मग हाताची घडी घालून सामना बघायचा. तिचा गोल दरवेळी तसाच व्हायचा. कडेने एक गडी पळत येऊन गोलसमोर उंच क्रॉस टाकायचा, कारागिराचे सगळे शूर तिच्या उंच फॉरवर्डला घेरायचे, आणि मीटिंगला उशिरा आलेल्या साहेबासारखा तिचा आठ नंबरचा मिडफिल्डर मागून यायचा. सुटलेला बॉल तो आरामात जाळ्यात मारायचा.

सामना संपला की पाच मिनिटांत तिचा फोन यायचा. "बाबा, आमचा आठ नंबर आला होता का हो तुमच्याकडे?" असं विचारून ती हसत सुटायची. मग तासभर त्याचं काय काय चुकलं ते समजावायची, आणि ओघात साहेबाचं, घरमालकिणीचं, नव्या बुटांनी टाच सोलल्याचंही सांगून जायची. आईशी ती रोज बोलायची. बापाच्या वाट्याला तेवढाच एक तास होता, पण तेव्हा त्याला त्याची किंमत कळली नाही. त्याच्या डोक्यात फक्त आठ नंबर बसला होता.

दातांच्या लॅबमधल्या आपल्या टेबलावर त्याने सुटे दात मांडून अभ्यास सुरू केला. दाढा बचावाला, सुळे मधे, पुढचे दात पुढे. आधी त्याने क्रॉसच येऊ नयेत म्हणून दोन्ही फुलबॅक, म्हणजे बचावातले डावे-उजवे गडी, पार कडेला पाठवले. मधे मैदान मोकळं झालं आणि चार गोल खाल्ले. मग सगळ्यांना गोलसमोर गोळा केलं, तर बॉक्सच्या तोंडाशी, जिथे बॉल सुटून यायचा तिथे, कुणीच उरलं नाही आणि आठ नंबरला नेम धरायला भरपूर वेळ मिळाला. मधेच लॅबच्या मालकिणीने विचारलं, की एका आजोबांच्या कवळीतला सुळा कुठे गेला. तो सुळा त्या वेळी आठ नंबरला अडवत होता.

त्या सुळ्यावरूनच उत्तर सापडलं. त्याने एका मिडफिल्डरला बजावलं, बॉलकडे बघायचं नाही, पुढे जायचं नाही, आठ नंबर जाईल तिथे जायचं. फुलबॅकच्या मदतीला कडेचा गडी मागे ओढला. रविवारी तो तीन-शून्यने जिंकला आणि फोन हातात घेऊन बसला. पाच वाजले. सहा वाजता त्याने फोन चार्ज आहे ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तिला नारळ दिला म्हणे."

"कुणी?" नोकरी गेली की काय, असं त्याला वाटलं.

"तुमच्या त्या खेळातल्या तिच्या क्लबने. कॉम्प्युटरच्या क्लबांकडून हरतच होती, त्यात काल तुमच्याकडूनही, म्हणून काढलं. बरं झालं म्हणत होती, रविवार मोकळा झाला."

जिंकून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. मग त्याने शक्कल लढवली. आपण राजीनामा द्यायचा, म्हणजे जागा रिकामी होईल आणि तिला घेतील. राजीनाम्याचं बटण दाबताच खेळाने दोनदा "नक्की?" विचारलं, आणि अर्ध्या मिनिटात ती जागा क्लबमधल्या त्याच्याच सहायकाला देऊन टाकली. आता बापलेक दोघंही बेकार झाले.

शेवटी त्याने लेकीला फोन लावला. आपणहून लावायची ही पहिलीच खेप, हे नंबर शोधताना त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाबा? आई बरी आहे ना?" तिचा आवाज घाबरला होता.

"बरी आहे." तुझ्या फोनची वाट बघत होतो, एवढंच सांगायचं होतं, पण ते काही ओठांवर येईना. "तो तुझा आठ नंबर. त्याला अडवायचं कसं, ते काही मला कळलं नाही."

"अहो, काल तुम्हीच तर अडवलंत."

"ते चुकून झालं."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कागद घ्या," ती म्हणाली, आणि सांगू लागली. दोन्ही फुलबॅक कडेला पाठवा, म्हणजे क्रॉसच येणार नाहीत. ते साफ चुकीचं होतं, त्यापायी त्याने चार गोल खाल्ले होते. तो हं हं करत राहिला. मधे साहेब आला, घरमालकीण आली, टाच बरी झाल्याचं कळलं. तास कधी उलटला ते समजलं नाही.

"आलं का लक्षात, बाबा?"

"नाही," कारागीर म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून सांग."