पापणी न लवणारा रुग्ण

माणसाला स्वतःचा डोळा दिसत नाही. म्हणूनच डोळ्याच्या बाबतीत त्याचे मत ग्राह्य धरता येत नाही.

पूर्वी डॉक्टर दिवा धरून डोळ्यात डोकावत आणि आतला दाह 'थोडा' किंवा 'बऱ्यापैकी' असा सांगत. (यात डॉक्टरांची झोप किती झाली आहे, तेही मोजले जाई.) आता नेत्रविभागात यंत्र आहे. हनुवटी टेकवायची, प्रकाशाची बारीक रेघ डोळ्यात शिरते आणि आतल्या पाण्याचा गढूळपणा मोजून आकडा देते. सुई नाही, स्पर्श नाही. रुग्णाला कोणी हातही लावत नाही. हे तत्त्व विभागाने पुढे सर्वच बाबतींत स्वीकारले.

अट एकच: पापणी मिटायची नाही. मिटली की मोजमाप बाद. दाह झालेल्या डोळ्याला उजेड सोसत नाही, हे खरे. पण नियम तो नियम. त्यामुळे विभागात मोजलेल्या डोळ्यांपैकी सत्त्याण्णव टक्के निरोगी निघतात. (उरलेले तीन टक्के फारच सोशिक.)

माझी आई शिवणकाम करायची. दाहावरचे थेंब घालूनही उजव्या डोळ्याला सुईचे नेढे दिसेना, तेव्हा मी तिला तिथे नेले.

"आजी, मिटू नका हो," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

"मी कुठे मिटतेय बाई, तोच मिटतोय. आत सुया टोचताहेत."

"आमच्याकडे सुई नसतेच, आजी."

बऱ्याच बाद प्रयत्नांनंतर एक मोजमाप तावडीत सापडले. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहून आईचे अभिनंदन केले.

"मला तुमचं तोंड दिसत नाहीये, डॉक्टर."

"आकडा छान आहे, आजी. थेंब बंद करा."

"बरं. मग दोरा त्या आकड्याकडूनच ओवून घेते."

"एकदा तुम्ही स्वतः बघा ना," मी म्हटले.

"ताई, यंत्र असताना मी बघायचं, म्हणजे अविश्वास झाला."

थेंब बंद झाले, मग डोळाही. गेलेला डोळा उजेडाला बिचकत नाही. पुढचे मोजमाप पहिल्या फटक्यात आले. विभागाने समाधान व्यक्त केले.

पुढल्या वर्षी आई गेली. डोळ्याने नव्हे, हृदयाने. (ते वरच्या मजल्यावर मोजतात.) डोळे उघडेच राहिले होते. मी समोर बसून होते. पापणी जराही लवली नाही. विभागाला असा रुग्ण पुन्हा मिळणे नाही. शेवटी मीच ती मिटली. मोजमाप बाद.

आता तो आकडा नेमका किती आला होता, असे तुमच्या मनात आलेच असेल. विभागात एक जागा रिकामी आहे, अर्ज करा.