अर्ध्या गालाची चाचणी

कोइंब्रा शहरातल्या ग्राहक-परीक्षण संस्थेने काटकसरीसाठी पुस्तक विभाग आणि दाढी-साहित्य विभाग एक केले, तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन्ही वस्तू माणूस हातात धरूनच वापरतो, असं परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. प्रपत्रही एकच ठरलं, रेझरचं, कारण त्याच्या चार हजार प्रती छापून पडल्या होत्या.

विभागप्रमुख आल्बर्टिना साराइवा बावीस वर्षं रेझर तपासत आल्या होत्या. पहिल्या खेपेला सहा रेझर आले आणि एक चरित्र. देशाच्या जुन्या हुकूमशहाचं, सातशे पानी.

रेझरची पद्धत ठरलेली: वीस स्वयंसेवक, डाव्या गालावर एक रेझर, उजव्यावर दुसरा. पुस्तकालाही तोच नियम लागला. विसांनीही चरित्राची फक्त डावीकडची पानं वाचली, उजवीकडे तुलनेसाठी दुसरं पुस्तक, सुक्या माशांच्या पाककृतींचं. जळजळ? नाही. ओढल्यासारखं वाटलं? नाही. रक्त? नाही. एका निवृत्त पोस्टमनने तर शेरा दिला, "पकड छान आहे."

आल्बर्टिनाबाईंनी मात्र पुस्तक घरी नेलं आणि उजवी पानंही वाचली. हा सरळसरळ नियमभंग होता. पान दोनशे तेरावर बेटावरच्या तुरुंगाबद्दल एकच ओळ होती: काही नागरिकांना तेथे हवापालटासाठी ठेवण्यात आले.

बाईंचे वडील त्या हवापालटाला सहा वर्षं होते. परत आले तेव्हा हात इतके कापायचे की रेझर धरवेना. नऊ वर्षांची आल्बर्टिना रोज सकाळी त्यांची दाढी करायची. हनुवटीखालच्या व्रणापाशी आली की ते डोळे गच्च मिटून घेत. ती ओळ वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'रक्त निघाले का?' या रकान्यात त्यांनी 'हो' लिहिलं.

संचालक डॉक्टर किंतेलांनी बोलावून घेतलं.

"बाई, हे काय? वीसच्या वीस जण नाही म्हणतायत!"

"त्यांनी अर्धंच वाचलंय, डॉक्टरसाहेब."

"मग? दाढीही अर्धीच करतात की! बावीस वर्षं तुम्हाला चाललं ते."

"माझे वडील होते तिथे."

डॉक्टरांचा सख्खा मामाही तिथेच होता. मग त्यांनी नियमावली उघडली. "तिघांपेक्षा कमी जणांना रक्त आलं तर दोष वस्तूचा धरत नाहीत, बाई. वापरणाऱ्याचा धरतात. सही करा, आपल्या मासिकाचा अंक छापायला जायचाय."

"नाही करणार."

"मग त्या पोस्टमनला सांगतो. त्याला पकड कळते."

पोस्टमनने सही केली. चरित्राला शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले आणि मुखपृष्ठावर शिफारशीचा शिक्का बसला. बाईंची बदली मासिकाच्या वाचकांचे फोन घेण्यावर झाली. पान दोनशे तेरा त्यांनी फोनशेजारी उघडं ठेवलं. एकाने जरी त्याबद्दल विचारलं, तरी सगळं सांगायचं ठरवलं होतं.

पहिल्या आठवड्यात एकशे चाळीस फोन आले. सगळ्यांना एकच हवं होतं: त्या सहांतला चांगला रेझर कुठला?

तुम्हीही मघापासून तेच विचारणार होता ना? चौथ्या क्रमांकाचा घ्या. रक्त अजिबात येत नाही.