सोनकच्छची स्वारी

घोडीवर बसून डावीकडे वळताना डावा हात सरळ बाहेर काढून मागच्या रहदारीला इशारा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मागची रहदारी म्हणजे एखादी म्हैस, नाहीतर सायकलवरचा दूधवाला. पण सुपेकर भावजींचा हात बाहेर यायचा म्हणजे यायचाच. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, पायात फॅक्टरीचे जाडजूड बूट आणि खोगिराला बांधलेला सायकलरिक्षाचा भोंगा. भोंगा वाजला की घोडी दचकायची, म्हणून तो दाबायच्या आधी ते खाली वाकून तिला सांगत, "वाजवतोय हं, घाबरू नकोस." इतकं सांगेपर्यंत म्हैस निघून गेलेली असे.

भावजी म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. देवासच्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि आमची भिंत एक, एवढंच. त्यांच्याकडे बाईमाणूस नसल्यामुळे भिंतीवरून विरजण, कढीलिंब आणि माझी बोलणी एवढ्या गोष्टी नियमित पलीकडे जात. लग्न केलेलं नाही, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी. दिवसभर मोजमाप करून माल पास किंवा रिजेक्ट करायचा. ती सवय घरीही सुटली नव्हती. माझ्या करंज्या खाऊन म्हणाले होते, "सारण पास. पारीला रीवर्क लागेल, वहिनी." त्या वर्षी पुन्हा त्यांना करंजी मिळाली नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. लोक हप्त्याने मोटारसायकली घेत होते, तेव्हा या गृहस्थाने धारच्या एका बँडवाल्याकडून घोडी आणली. टेंपोतून उतरली तेव्हा तिच्या कपाळावर अजून चमकी चिकटलेली होती. नाव बिजली. वरातीत चालून चालून तिची चाल अशी झाली होती, की शेजारून चालणाऱ्या माणसाला वाटेत थांबून तिची वाट पाहावी लागे. बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि आठ दिवसांत बिजलीने भिंतीवरून मान टाकून माझी शेवंती फस्त केली. मी तणतणत गेले तर भावजी म्हणाले, "ट्रायल चालू आहे, वहिनी. शेवंती रिजेक्ट करायला शिकवतो तिला."

शिकवायला धारहून रफीक भिया आला. तो त्या बँडवाल्याचाच माणूस, बिजलीला लहानपणापासून ओळखणारा. आमच्या मागच्या मैदानावर धडे सुरू झाले आणि अख्खी कॉलनी गच्च्यांवर गोळा झाली. भावजी रिकिबीत पाय घालायच्या आधी सवयीने एकदा किक मारत. उतारावर लगामात ब्रेक शोधत. रफीक भिया कपाळावर हात मारून म्हणे, "भिया, ये घोड़ी है, फटफटी नी है. इसके मुँह में लोहा है, उसको दुखता है. हाथ ढीला रखो." ते ऐकल्यावर मात्र भावजींचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ते लगाम दोन बोटांनी धरू लागले, आणि परिणाम असा झाला की बिजली तिला हवं तिकडे जाऊ लागली.

रफीक भिया धारला परत गेला आणि खरी पंचाईत सुरू झाली. घोडी दारातून हलेना. भावजी वर बसलेले, हेल्मेटचा पट्टा आवळलेला, भोंगा वाजवून झालेला, गूळ देऊन झालेला. बिजली ढिम्म. असे तीन-चार दिवस गेल्यावर समोरच्या चौहान भाभींना राहवलं नाही. त्या अस्सल माळवी. पदर सावरत येऊन म्हणाल्या, "अरे, ये तो बारात की घोड़ी है. बहन चने की दाल खिलाएगी तबी तो चलेगी." इकडे माळव्यात नवरदेव घोडीवर चढला, की त्याची बहीण घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवते आणि मगच वरात हलते. आम्हा मराठी लोकांत ही रीत नाही, आम्हाला सुचणार कसं? चौहान भाभींनी पुढे सरळच विचारलं, "भाईसाब की कोई बहन नी है क्या?"

भावजी घोडीवरून उतरले आणि घरात निघून गेले. मी डाळ भिजवायला टाकली. दुसऱ्या दिवशी पदरात घेऊन भरवली, तर बिजली अशी तुरुतुरु निघाली की भावजींना हात दाखवायलाही सवड मिळाली नाही. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, स्टार्टर!" माझा स्वयंपाक अर्धा टाकून मी डाळ घेऊन जायची. बरीच वर्षं मी हे केलं, आणि कुरकुरत केलं, हेही सांगून टाकते.

एकदा मात्र माझी पोळी करपली आणि मी भडकले. "भावजी, या वयात हा काय नाद? रेसला जायचंय की लग्नाला?"

त्यांनी हेल्मेट काढलं. म्हणाले, "सोनकच्छला जायचंय."

"सोनकच्छला दर अर्ध्या तासाला बस आहे!"

"बसने जाऊन आलो," ते म्हणाले, आणि मग ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण शकू. तिने सोनकच्छच्या धान्यमंडीतल्या एका माळवी मुलाशी लग्न ठरवलं. वडिलांनी घरातल्या कोणीही जायचं नाही म्हणून सांगितलं. आपल्यात नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो. शकूने हट्टाने भावाचा पाट मांडून ठेवला आणि मुहूर्त टळेपर्यंत वाट पाहिली. "मी त्या दिवशी डबल शिफ्ट मागून घेतली होती," भावजी म्हणाले. "गिअर तपासत बसलो. एकही रिजेक्ट केला नाही. दिसतच नव्हतं ना काही." वडील गेल्यावर ते बसने सोनकच्छला गेले. शकूने खिडकीतूनच सांगितलं, "भालू, आता हत्तीघोड्यावर बसून आलास तरी हे दार उघडायचं नाही."

"अहो, असं माणूस रागाने बोलतं," मी म्हटलं. "तिने काही घोडा मागितला नाही!"

"बाकी सगळं करून झालं, वहिनी. पत्रं, फोन, माणसं मधे घालून झालं. एवढीच ट्रायल राहिली होती." मग म्हणाले, "हत्ती ठेवायला जागा नाही."

मी आत जाऊन डाळीचं भांडं मोठं घेतलं.

तयारी वर्षभर चालली. आधी कॉलनीच्या फाटकापर्यंत, मग कारखान्यांच्या रस्त्याने, मग भोपाळ रोडला शेताशेतांतून. भोपाळ रोडवर एकदा समोरून वरात आली. ढोल ऐकताच बिजलीच्या अंगात आलं. ती भावजींना घेऊन थेट वरातीत घुसली आणि मूळ घोडीच्या शेजारी उभी राहून तालावर पाय आपटू लागली. वरातीतल्या बायकांनी गडबडीत भावजींच्या हेल्मेटला कुंकू लावलं. खरा नवरदेव पंचविशीचा, हा दुसरा पंचावन्नचा. परत आल्यावर मी विचारलं, ट्रायल कशी झाली? म्हणाले, "घोडी पास. मला लोकांनी रिजेक्ट केलं."

भाऊबीजेला ते पहाटेच निघाले. मी डाळ भरवली, दही हातावर दिलं, आणि मनात म्हटलं, देवा, त्या बाईने निदान खिडकी तरी उघडू दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते भिंतीवरूनच ओरडत. "वहिनी, तिने पाणी दिलं!"

"तुम्हाला?"

"बिजलीला!"

झालं होतं असं. भर दुपारी ते शकूच्या दारात जाऊन उभे राहिले. दार बंद. हाका मारायचं धैर्य होईना, भोंगा वाजवला तोही बारीकसा. बराच वेळ गेला. शेवटी मंडीत मुक्कामाला जावं म्हणून त्यांनी लगाम वळवला, तर बिजली एका दारात थांबलेली, ती डाळ खाल्ल्याशिवाय हलते कशाला? शकू इतकी वर्षं माळवी घरात नांदलेली. घोडी का अडली हे तिला खिडकीतून बघूनच कळलं असणार. दार तिने उघडलं नाहीच. बाजूच्या परसातून आली, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात डाळीचं ताट. भावजींकडे ढुंकूनही न बघता घोडीला पाणी पाजलं, डाळ भरवली. मग आत जाऊन तबक आणलं आणि घोडीला ओवाळलं. "मी वरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकलो, वहिनी," भावजी सांगत होते. "निरांजनाची थोडी ऊब लागली तोंडाला."

तेव्हापासून दर भाऊबीजेला सोनकच्छची स्वारी ठरलेली. एका वर्षी मला राहवलं नाही म्हणून मीही बसने जाऊन तो सोहळा पाहून आले. शकू दिसायला भावजींसारखीच, हनुवटी तीच, हट्ट तोच. ती घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "बिजली, पूछ तेरे मालिक को, बीपीची गोळी घेतो का रोज."

भावजींनी घोडीच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "घेतो म्हणावं. सकाळी एक."

"आणि वजन का उतरलंय म्हणावं?"

"तिच्या हातचं खायला मिळत नाही म्हणावं."

शकूने घोडीच्या अयाळीत तोंड लपवलं. हसली की रडली, मला दिसलं नाही. दोघांच्या मधे बिजली डाळ चावत उभी होती. चांगली शहाणीसुरती दोन माणसं, आणि कोणीही आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला तयार नाही. मला दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला.

बिजली म्हातारी झाली. शेवटची दोन-तीन वर्षं भावजी वर बसतच नसत. तिच्याशेजारी चालत सोनकच्छला जात आणि शकूचं घर जवळ आलं की तेवढ्यापुरते चढत. मग एका श्रावणात ती शेडमध्ये बसली ती उठली नाही. रफीक भिया धारहून आला, तिच्याजवळ बसून राहिला. भावजींनी भोंगा सोडवून घरात नेला, आणि सकाळी भिंतीपलीकडून हाक येणं बंद झालं. मी सवयीने डाळ भिजवत होते आणि तिची आमटी करत होते.

त्या दिवाळीत ते हलेनात. "आता कशाला जाऊ?" म्हणाले. "ती बिजलीला भेटायला येत होती बाहेर. माझ्यासाठी एकदाही आली नाही. मी रिजेक्ट माल आहे, वहिनी." साठी उलटलेला माणूस बोलताना ओठ चावत होता. मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांची पिशवी भरली, हाताला धरून त्यांना स्टँडवर नेलं आणि सोनकच्छच्या बसमध्ये खिडकीशी बसवून स्वतः कडेला बसले. उतरून पळाले असते, नेम नाही.

शकूच्या गल्लीत वळलो तर ती फाटकातच उभी. बादली भरून शेजारी ठेवलेली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"ती कुठाय?"

भावजींनी सवयीने उजवीकडे, घोडीची मान असायची तिकडे तोंड वळवलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांना बहिणीकडे बघावंच लागलं.

"गेली गं. श्रावणात."

"आणि मला कळवलं नाहीस?" शकूचा आवाज फुटला. "श्रावणापासून एकटा बसलायस, आणि मला कळवलं नाहीस, भालू?"

"कसं कळवणार?" भावजी अगदी खरेपणाने म्हणाले. "आपण बोलत नाही ना."

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. शकूने पदराने तोंड पुसलं, बादली उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पायऱ्या चढून इतकी वर्षं बंद राहिलेलं ते पुढचं दार सताड उघडलं.

"पाय धू," ती म्हणाली. "आणि आत ये."

भावजी वाकून पाय धुऊ लागले. एक पाय धुतला, दुसरा धुतला, पुन्हा पहिला धुतला. बादली संपली तरी मान वर करेनात. शेवटी शकूच दोन पायऱ्या खाली उतरली आणि तसंच ओल्या पायांनी, दंडाला धरून, त्यांना घरात घेऊन गेली.