बिनबिर्याणीची देग

भास्करकाका कुणाच्याही घरी पाणी पिण्याआधी पेल्यात नाक घालत. मग विचारत, "उकळलंय?" माझ्या ताईचं लग्न ठरवायला आम्ही हिमायतनगरला गेलो, तिथेही त्यांनी होणाऱ्या विहीणबाईंना विचारलं, "विहिरीवर झाकण आहे का?" लग्न झालं, पण ताईच्या सासूबाई पुढे वर्षभर आम्हाला पाणी देताना "उकळलंय हो" असं म्हणायच्या.

हैदराबादच्या अंबरपेठेत काका आमचे शेजारी. अदालतीतली नोकरी संपलेली, काकू वारलेल्या, मूलबाळ नाही. त्यांच्या मागच्या खिडकीखाली हमीदाबींचं अंगण आणि तिथे साऱ्या गल्लीची विहीर.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली आणि कुणीतरी उठवलं, हमीदाबींच्या विहिरीत जहर आहे. दुसऱ्या दिवसापासून तिकडे एक घागर फिरकली नाही. बायका नाल्याकाठच्या झऱ्याचं गढूळ पाणी आणू लागल्या. हमीदाबी एकट्या बाई. त्यांनी दार लावून घेतलं.

काकांनी ते वाजवलं. "बीबी, बावडी तुमची, लाकडं माझी. उकळलेल्या पाण्याचा धंदा करू."

"हमारा पानी कौन पीता, भास्करराव?"

"मी पितो. तुम्ही चूल पेटवा."

लग्नात बिर्याणी शिजवतात तसली मोठी देग त्यांनी भाड्याने आणून अंगणाबाहेर चढवली. वाफ बघून लोक जमले आणि आत नुसतं पाणी पाहून हिरमुसले. "पाणी विकत?" माझे वडीलही हसले. काका पंच्याने गाळलेलं पेलाभर पाणी सगळ्यांदेखत प्यायले आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. रोज हेच. कुणी निरखून पाहिलं तर म्हणत, "अजून जिवंत आहे. उद्या बघा."

उन्हाळ्यात पटकी आली. झऱ्याचं पाणी पिणारी घरं आडवी होऊ लागली. देगेपाशी पहिली गेली ती माझी आई, कडेवर धाकटा भाऊ आणि हातात घागर. हमीदाबींनी ती भरून दिली. आईमागून गल्ली आली. घरात आजारी असेल त्याच्याकडून काका काही घेत नसत.

धंदा रुळल्यावर मी एकदा विचारलं, "काका, पाणी कुठूनही आणून उकळलं असतं. हीच विहीर का?"

ते चुलीतलं लाकूड सारत राहिले. "तुझी काकू गेल्यावर घरात आवाज यायचा तो या बायकांचाच. पहाटे रहाट कुरकुरला की मी उठायचो. तो बंद झाला आणि..."

तेवढ्यात रांगेत दोघी नंबरावरून कडाकडा भांडायला लागल्या. मी त्यांना गप्प करायला उठलो. काकांनी माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.