साळूताई सही घ्यायला जाते

एका जंगलात झाडांपेक्षा लेखक जास्त झाले होते. हसू नका मुलांनो, तुमच्याही गावात होतील. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे ते उगवले. फरक एवढाच, की पावसाळा संपला तरी गेले नाहीत.

गव्यानं कादंबरी लिहिली. टिटवीनं कवितासंग्रह काढला. घोरपडीनं यशाला कसं चिकटून राहावं यावर पुस्तक लिहिलं आणि ते सगळ्यांत जास्त खपलं. सागाच्या पानांवर लिहायचं, वेलीनं शिवायचं, की झालं पुस्तक. सागाला कुणी विचारलं नाही.

याच जंगलात साळूताई राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे लांब काटे असतात ना, तेच. तिचं बीळ पुस्तकांनी भरलेलं होतं. नवरा साळोजी कंदमुळं उकरून आणायचा, आणि ती एका हातानं कंद खात दुसऱ्या हातानं पान उलटायची.

आणि साळूताई खरंच वाचायची हो! आवडलं की तेच पान चारदा वाचायची. भिकार वाक्य आलं की तिच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहायचे आणि खडखड वाजायचे. ती खडखड अख्ख्या जंगलाला ऐकू जायची. त्यामुळे लेखकमंडळी तिच्या बिळाला वळसा घालून जात.

बिबट्याही वळसा घालून जायचा. तो तेव्हा लेखक झालेला नव्हता. एकदा साळूताईला खायला म्हणून आला, तर पंजात काटा घुसला आणि तो बरेच दिवस लंगडत फिरला.

असं सगळं छान चाललं होतं. पण छान चाललेलं कुणाला बघवतं?

एक दिवस वानरसर आले. वानरसर म्हणजे जंगलातल्या यच्चयावत कार्यक्रमांचे संयोजक, निवेदक आणि आभार मानणारे. त्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, पण ज्यावर ते बोलले नाहीत असं एकही पुस्तक नव्हतं.

"साळूताई, रविवारी मोहाच्या झाडाखाली या," ते म्हणाले. "गवेसाहेब स्वतः कादंबरी वाचून दाखवणार. मग सह्या. मग अल्पोपहार."

साळूताईला आनंदानं गुदमरायला झालं. गव्याची ती कादंबरी तिनं तीनदा वाचली होती. त्यात कळपातून चुकलेलं एक वासरू आहे. आई पुढे निघून जाते, मागे वळत नाही. का वळत नाही? साळूताईला त्या 'का'नं झोप येईनाशी झाली होती. आता लेखकालाच विचारता येणार होतं. मोहाच्या झाडापर्यंत ती तोच प्रश्न घोळवत गेली.

गव्यानं वाचलं. वाचताना तो मध्येच थांबून रवंथ करायचा. लोकांना ती शैली वाटली.

मग सह्यांची रांग लागली. साळूताईची पाळी आली.

"नाव?" गव्यानं मान वर न करता विचारलं.

"साळू."

"पेन?"

लेखक जगातली सगळी दुःखं जवळ बाळगतात, मुलांनो, पेन तेवढं बाळगत नाहीत. वानरसरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि साळूताईच्या पाठीतून एक काटा उपटून काढला.

"आई गं!" साळूताई ओरडली.

"आभारी आहे," वानरसर म्हणाले. सवयच ती.

गव्यानं काट्याचं टोक जांभळाच्या रसात बुडवलं आणि लिहिलं, 'रसिक वाचक साळूताई यांस, स्नेहपूर्वक.' मग त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमच्यासारखे वाचक आहेत म्हणून आम्ही लिहितो," तो म्हणाला.

झालं. साळूताईचे पाय जमिनीला लागेनात. घरी आली ती तरंगतच.

"विचारलंस का वासराचं?" साळोजीनं विचारलं.

"अगबाई! राहिलंच की."

"आणि पाठीतून रक्त कसलं येतंय?"

"अहो, सही मिळाली!"

त्या दिवसापासून तिला चटक लागली. एकही रविवार चुकेना. वानरसर लांबूनच हाका मारायचे, "साळूताई, मागे काय बसता? पुढे या, पुढे!" पुढचा सपाट दगड तिच्यासाठी राखून ठेवलेला असायचा. साळूताईला वाटायचं, हा आपल्या वाचनाचा मान. वानरसरांना एवढंच वाटायचं, की पेन हाताशी असावं.

टिटवीची सही लांबलचक होती, तिला दोन काटे लागले. घोरपडीनं सह्या झाल्यावर त्याच काट्यानं दात कोरले. गवा तर म्हणाला, "हा काटा आठवण म्हणून माझ्याकडे राहू दे." साळूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी साळोजीला तो काटा मोहाच्या झाडाखाली उष्ट्या द्रोणांच्या ढिगात सापडला.

"ही बघ तुझी आठवण," तो म्हणाला.

"विसरले असतील. मोठ्यांना कितीतरी व्याप असतात."

काटे पुन्हा उगवतात, नाही असं नाही. पण त्यांना वेळ लागतो, आणि रविवार काही थांबत नाही.

आता खरी मजा ऐका. साळूताईनं वाचणं सोडलं. सहीचं पुस्तक वाचलं तर मळतं ना! ती घरी येऊन पुस्तक पळसाच्या पानात गुंडाळायची आणि रचून ठेवायची. आल्यागेल्याला फक्त पहिलं पान उघडून दाखवायची, तेही लांबून.

"मग आत काय आहे ते कळतं कसं?" साळोजीनं एकदा विचारलं.

"लेखकाच्या तोंडून ऐकते ना मी. तुम्हाला नाही कळायचं. पुस्तक काय, कुणीही वाचतं. लेखक भेटावा लागतो."

साळोजी कंदमुळं उकरायला निघून गेला. इतकी वर्षं संसार केलेला प्राणी दुसरं काय करणार?

होता होता साळूताईच्या अंगावर एकच काटा उरला. शेपटीपाशी. बाकी अंग सोललेल्या रताळ्यासारखं दिसू लागलं. आता मात्र साळोजी घाबरला.

"अगं, शुद्धीवर ये. काल बिबट्या बिळाच्या तोंडाशी हुंगून गेला."

"बिबटेसाहेब म्हणा," साळूताई म्हणाली. "त्यांचं आत्मचरित्र येतंय."

आलंच ते. 'मी मांस सोडलं' असं त्याचं नाव होतं. बाहेर पडायच्या आधीच लोक त्याला अभिजात म्हणू लागले. त्या रविवारी मोहाच्या झाडाखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुंग्याही आल्या होत्या म्हणा, अल्पोपहारासाठी.

वानरसरांनी प्रास्ताविक केलं. ते इतकं लांबलं की दोन कासवं येऊन, ऐकून, परत गेली. मग बिबट्यानं घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"मी ससा सोडला," त्यानं वाचलं. सशांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "मी भेकर सोडलं. रानडुकराच्या पिलाकडे मी आता मान वर करून पाहत नाही. पण साळिंदर! साळिंदर मी सोडलं ते केवळ काट्यांपायी. आतलं मांस लोण्यासारखं असतं. अजूनही संध्याकाळ झाली की मला साळिंदराची आठवण येते. काटे नसलेलं एखादं साळिंदर कुठे असेल का, असा विचार मनात येतो, आणि मी व्याकुळ होतो."

"काय प्रांजळपणा!" टिटवी म्हणाली.

"वा, वा!" गवा म्हणाला.

साळूताई पुढच्या दगडावर बसली होती. तिचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या लेखकानं आपल्या समाजाचा उल्लेख केला! तेवढ्यात तिच्या शेपटीपाशी काहीतरी झालं. तो उरलेला एकुलता एक काटा ताठ उभा राहिला आणि थरथरू लागला. बिचारा एकटाच होता, खडखड तरी कुणाबरोबर करणार? साळूताईला वाटलं, हा रोमांच.

मग सह्या सुरू झाल्या. या वेळी वानरसरांना शोधाशोध करावी लागली नाही. काटा उभाच होता.

"हे काय, पेन तयारच!" बिबट्या म्हणाला आणि त्यानं तो स्वतःच्या पंजानं, अगदी हळुवारपणे, उपटून काढला. साळूताईला दुखलंही नाही. कुठल्याच लेखकानं तिला इतक्या प्रेमानं वागवलं नव्हतं.

बिबट्यानं लिहिलं, 'साळूताईंना, लवकरच घरी येतो.'

साळूताईनं ते पान जंगलभर मिरवलं. टिटवीला दाखवलं, घोरपडीला दाखवलं. वानरसरांचा तर चेहराच पडला. "आम्ही इतके कार्यक्रम केले," ते म्हणाले, "पण आमच्या घरी कुणी लेखक आला नाही हो."

साळोजीनं ते पान वाचलं आणि तिचा हात धरला.

"चल," तो म्हणाला. "आत्ता चल. नदीपलीकडे माझ्या भावाचं बीळ आहे. काटे येईपर्यंत तिथे राहू."

"पाहुणे यायचे आणि घर बंद? शोभतं का?"

"अगं, त्यानं वाचलं ते ऐकलं नाहीस का तू?"

"ऐकलं ना! काय आवाज लागला होता त्यांचा!"

साळोजी बिळाच्या तोंडाशी काटे फुलवून बसला. तो तिथून हलेना. तेव्हा साळूताई रडायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठं माणूस माझ्याकडे येतंय, आणि तुम्ही दारात असे बसणार? आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही मी. जा, तळ्यावरून चार कमळकंद घेऊन या. ते मांस खात नाहीत, त्यांना दुसरं काय वाढू?"

साळोजी तरीही बसून होता. मग ती म्हणाली, "तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही." हे वाक्य नवऱ्याला सहन होत नाही, मुलांनो. तो उठला आणि धावत तळ्याकडे गेला. लवकर परत यायचं ठरवून गेला.

ऊन कलल्यावर बिबट्या आला.

"साळूताई आहेत का?"

"या, या साहेब! खरंच आलात!" साळूताईला काय करू आणि काय नको असं झालं.

"घरात आणखी कोण?"

"कुणी नाही हो. हे तुमच्यासाठी कमळकंद आणायला गेलेत." तिनं पळसाचं पान सोडवून पुस्तक पुढे केलं. "बघा, जसंच्या तसं ठेवलंय. एक पान उलटलं नाही."

बिबट्या भारावला. "असे वाचक हवेत," तो म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं.

"भाचीसाठी आणखी एक प्रत घेतलीय. तेवढी सही कराल?"

"करू की. पेन द्या."

साळूताईचा हात सवयीनं पाठीकडे गेला. पाठीवरून शेपटीकडे गेला. मग ती इतकी ओशाळली की तिला मान वर करवेना. "शेवटचं होतं ते त्या दिवशी तुमच्याच सहीला गेलं," ती म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही हो. माफ करा."

"वळा बरं जरा."

साळूताई वळली. बिबट्यानं नीट पाहून घेतलं.

"मग सही राहू दे," तो म्हणाला, आणि बिळात शिरला.

साळोजी आला तेव्हा पुस्तकं जागच्या जागी होती. एकाही पुस्तकावर डाग पडला नव्हता.

पुढच्या रविवारी वानरसरांनी शोकसभा ठेवली. अध्यक्षपद बिबट्यानं स्वीकारलं. तो भरल्या पोटानं आणि भरल्या गळ्यानं बोलला. साळूताई किती निस्सीम वाचक होत्या, त्यांनी साहित्याला कसं सर्वस्व दिलं, हे सांगताना त्याला ढेकर आला. लोकांना तो हुंदका वाटला.

साळोजी मागच्या बाजूला उभा होता. त्याला राहवेना. "यानं खाल्लं तिला!" तो ओरडला. "हा जो बोलतोय ना, यानंच!"

सगळं जंगल मागे वळलं.

"शू!" टिटवी म्हणाली.

"अहो, अध्यक्षीय भाषण चालू आहे," वानरसर म्हणाले. "प्रश्न नंतर."

बिबट्यानं पंजा वर करून सगळ्यांना शांत केलं. "त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी खाल्लं. लपवायचं कशाला? आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे."

"काय प्रांजळपणा!" टिटवी म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दुसऱ्या भागासाठी लोक तिथेच नावं नोंदवू लागले. साळोजीच्या अंगावरचा काटा न् काटा उभा होता आणि खडखडत होता. बिबट्या ज्या वाटेनं आला होता ती साळोजीजवळून जात होती. परतताना त्यानं दुसरी वाट धरली.

तात्पर्य : घरी बसून पुस्तकं वाचू नयेत. त्यानं काटे शाबूत राहतात, आणि काटे असलेल्या वाचकाच्या घरी कोणताही मोठा लेखक पायधूळ झाडत नाही.